तळहातावरील अक्षरे

भिलाईच्या इतिहासात १९५५ हे कराराचे वर्ष. त्या वर्षी २ फेब्रुवारीस भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. उभारणीच्या काळातील कामगारतळांची स्मृती वसाहतींच्या नावांत राहिली. कॅम्प-१ हे त्यांतलेच एक. त्याच वर्षी हेलन केलर भारतात आल्या होत्या. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही बधिरांधांचा इतिहास चाळताना त्या आम्हांस जोडीने आठवतात.

हेलन केलर म्हटले की पंपाखाली हात धरलेली सहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे येते. भारतात आल्या त्या मात्र चौऱ्याहत्तर वर्षांच्या विदुषी. पदवी मिळून अर्धशतक लोटले होते. पहिल्या गुरू अ‍ॅन सलिव्हन १९३६ सालीच निवर्तल्या होत्या. तरी सोबत पॉली टॉमसन होत्याच. भोवतालचे जग त्या बोटांनी हेलनबाईंच्या तळहातावर उतरवीत. शिक्षण पुरे होते, सोबतीची गरज पुरी होत नाही. चरित्रकारांनी पहिली गोष्ट रंगवून सांगितली. दुसरी बहुधा ओझरती राहिली.

ज्या देशाचे तंत्रज्ञ भिलाईस आले, त्या देशातही हाच अनुभव आला. १९६३ साली झागोर्स्क येथे बधिरांध मुलांचे निवासी विद्यालय निघाले. तेथील चार विद्यार्थी १९७१ साली मॉस्को विद्यापीठात दाखल झाले व १९७७ साली मानसशास्त्राचे पदवीधर झाले. त्यांच्या बुद्धीचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु प्रत्येक व्याख्यान त्यांच्या हातापर्यंत पोहोचविणारेही कोणी होते, हे विसरता कामा नये.

त्याच १९७७ साली मुंबईत बेरोज वाच्छा यांनी बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाने संस्था काढली. मुले मोठी झाली, आणि शाळेनंतर काय, हा प्रश्न उभा राहिला. पुढे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आला.

कचेरीत बसणाऱ्या आम्हां मंडळींना वाटते, अंधाची सवलत अधिक बधिराची सवलत, झाले! हिशेब येथेच चुकतो. अंध कानांवर विसंबतो, बधिर डोळ्यांवर. बधिरांधाला तो दुसरा आधारही पुरत नाही. पुष्कळांना थोडे दिसते वा ऐकू येते. तेवढ्यावर दिवस निभत नाही. बाजार, बँक, दवाखाना, प्रत्येक ठिकाणी वाट दाखविणारा व बोलणे पोहोचविणारा माणूस लागतो. तो घरच्यांतूनच मिळावा हे गृहीत धरले जाते, आणि बहुधा आई किंवा बहीण जन्मभर त्या कामात गुंतते. त्यांच्या कष्टांना कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

शेजाऱ्याला फार थोडे शिकावे लागते. हलकेच हाताला स्पर्श करून ठरलेल्या खुणेने आपली ओळख द्यावी. ओढून न नेता आपले कोपर धरू द्यावे. वस्तू जागच्या हलवू नयेत. निघताना सांगून निघावे, नाहीतर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहील. ज्याला लिपी ठाऊक आहे त्याच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढले तरी संभाषण होते. परमुलखात आपली भाषा बोलणारा कोणी भेटला की काय वाटते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. कॅम्प-१ मध्ये एखाद्या दाराआड कोणी अशी वाट पाहत असेल, तर तेथे जाण्यास सरकारी हुकुमाची गरज नाही.