अवजड यंत्रे : इंजिन-सेन्सरच्या विद्युत दोषांचे निदान

डंपर, पोकलेन, डोझर, लोडर अशा यंत्रांच्या इंजिनावर तापमान, दाब व गती मोजणारे सेन्सर असतात. हे सेन्सर, त्यांच्या वायरी, कनेक्टर, अर्थिंग आणि इंजिनाचा नियंत्रक संगणक (ईसीएम) यांपैकी विजेचा दोष नेमका कुठे आहे, हे मोजमापाने ठरवण्याची ही पद्धत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत तिची गरज रोजची आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस येथील खुल्या कोळसा खाणी, राजुरा-कोरपना पट्ट्यातील सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखनिज खाण आणि जंगलातल्या रस्त्यांची व पुलांची कामे या सर्व ठिकाणी अशी यंत्रे चालतात.

जुन्या इंजिनात डिझेलचा पंप यांत्रिक होता. ऑइलचा दाब दाखवायला एक स्विच आणि एक दिवा पुरे होई. कॉमन रेल पद्धत आल्यावर इंधन किती व केव्हा सोडायचे हे ईसीएम सेन्सरांच्या आकड्यांवरून ठरवू लागला. चाकांच्या बांधकाम यंत्रांना 1 एप्रिल 2021 पासून प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निकष लागू झाले, तेव्हा धुराच्या पाइपावर आणि युरियाच्या टाकीतही सेन्सर वाढले. त्यामुळे आता इंजिन ठणठणीत असूनही एका वायरीपायी यंत्राची ताकद उतरते किंवा ते सुरूच होत नाही.

दोष नोंदला गेला की पडद्यावर दोन आकड्यांचा कोड येतो. अवजड वाहनांच्या जे1939 या संदेश-पद्धतीत पहिला आकडा (एसपीएन) विषय सांगतो : 110 म्हणजे कूलंटचे तापमान, 100 ऑइलचा दाब, 157 रेलमधील इंधनदाब. दुसरा (एफएमआय) दोषाची जात सांगतो : 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, 4 म्हणजे कमी. हा दुसरा आकडा वाचण्याचा कंटाळा फार महागात पडतो. ‘110-0’ म्हणजे इंजिन खरोखरच तापले आहे. तिथे रेडिएटर, पंखा व पाणी पाहायचे. ‘110-3’ म्हणजे बहुधा सर्किट तुटले आहे. तिथे मल्टीमीटर हवा.

कूलंटचा सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर. ईसीएम त्याला आतल्या रोधातून 5 व्होल्ट देतो आणि वायरीवर उरलेले व्होल्टेज वाचतो. वायर तुटली की पूर्ण 5 व्होल्ट दिसतात आणि भर मे महिन्यात पडद्यावर उणे 40 अंशांसारखे तापमान उमटते. अशा वेळी प्लग काढून हार्नेसकडच्या (वायरींच्या जुडग्याकडच्या) दोन पिना जम्पर वायरीने जोडाव्यात. कोड 3 वरून 4 झाला तर वायर व ईसीएम दोन्ही ठीक. संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर. कोड 3 वरच राहिला तर नवा सेन्सर मागवण्यात अर्थ नाही. ही युक्ती दोन वायरींच्या सेन्सरपुरतीच वापरावी. तीन वायरींच्या दाब-सेन्सरमध्ये पुरवठ्याची वायर अर्थला टेकली, तर त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सरही आंधळे होतात. म्हणूनच एकदम चार-पाच कोड आले, तर चार-पाच सेन्सर गेले असे समजू नये. एकेक प्लग काढत जावे; ज्याच्या काढण्याने 5 व्होल्ट परत येतात, तो सेन्सर गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर तपासावी.

आणखी एक चाचणी फुकटची आहे आणि फार कमी लोक ती करतात. यंत्र रात्रभर उभे राहिले की पहाटे उन्हाआधी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी. कूलंट, आत येणारी हवा व इंधन यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत. दोन 30 च्या आसपास आणि एक 65 असेल, तर कोड आलेला नसला तरी खोटे बोलणारा सापडला.

वायर सलग आहे हे मल्टीमीटरची ‘बीप’ सिद्ध करत नाही. मीटरमधून प्रवाह इतका कमी जातो की पिळातली एकच तार शिल्लक असली तरी तो 24 व्होल्ट दाखवतो. म्हणून ईसीएमच्या पुरवठ्याच्या व अर्थच्या वायरी भार टाकून तपासतात : 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब जोडला की सुमारे 0.9 अँपिअर वाहतात आणि कुजलेल्या वायरीचे व्होल्टेज लगेच पडते. सेन्सरच्या सिग्नल वायरीला मात्र हा बल्ब कधीही लावू नये. बॅटरीची ऋण पिन आणि इंजिन ब्लॉक यांच्यात स्टार्टर फिरताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर आधी अर्थिंग घासून घट्ट करावे. यंत्रातले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरींमध्ये वीज बंद असताना 60 ओहम यावेत. 120 आले तर एका टोकाचा रोधक किंवा त्याकडे जाणारी वायर तुटलेली असते.

दोष कुठे उपजतात हे या भागाचे हवामान व कामाची रीतच सांगते. खाणीतली बारीक धूळ आणि पावसाचे पाणी मिळून कनेक्टरात चिखल होतो, त्यातून वीज झिरपते, पिना हिरव्या पडतात. प्रेशरने धुतलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवशी कोड येणे नेहमीचेच. पावसाळ्यात रस्त्यांची कामे थांबतात आणि कॅम्पाजवळ उभ्या यंत्रांत उंदीर हार्नेस कुरतडतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला की इंजिनाजवळचे जुने आवरण तडकते. बकेटचे दात वेल्डिंग करताना ईसीएमचे प्लग न काढणे आणि वेल्डिंगचा अर्थ दूर कुठेतरी लावणे हा तर हाताने ओढवून घेतलेला दोष.

कोळसा खाणींना जवळचे वर्कशॉप असते. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर भामरागडपलीकडे अडकलेल्या पोकलेनला ते नसते. तिथे ‘सेन्सर बदलून बघू’ म्हणणे म्हणजे पूर ओसरेपर्यंत यंत्र उभे ठेवणे. त्यापेक्षा वाईट सवय म्हणजे तापमान-सेन्सरच्या जागी साधा रोधक बसवून ईसीएमला फसवण्याचा जुगाड : इंजिन जाम होईपर्यंत सूचना मिळत नाही.

दोष अधूनमधून येणारा असेल तर आकडे पाहत हार्नेस हाताने हलवतात. पंखा व पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, बकेट जमिनीवर टेकवून, चाकांना अडसर लावून. दुरुस्तीनंतर कोड पुसून भरलेला डंपर चढावर एकदा नेऊन पाहावा लागतो, कारण सैल पिन उभ्या यंत्रात बहुधा शांतच असते.