आधी बेत, मग करवत

भंडाऱ्याच्या कासाराकडे पोचा पडलेली पितळी गुंडी दिली, तर तो लगेच हातोडा उचलत नाही. गुंडी उजेडात धरून आधी सावकाश फिरवतो. पोचा समोर असला की भिंतीवरच्या सावलीत गुंडी धडधाकट दिसते. पोचा कडेला आला की खोट उघडी पडते.

वाकडं पाऊल सरळ करणारे सर्जन बरीच वर्षं अशा सावलीवरच विसंबून होते. रॉन्टगेनला 1895 साली क्ष-किरण सापडले. पण पावलाची 26 हाडं फिल्मवर एकमेकांवर चढायची. डॉक्टर फिल्मवर ट्रेसिंग पेपर ठेवत, हाडाची कड पेन्सिलीने गिरवत, कात्रीने पाचर काढून तुकडे जुळवून बघत. शिंपी कापड बेततो, तसंच. अडचण एवढीच, की कागद सपाट आणि पाऊल तिन्ही दिशांनी वळलेलं.

अमेरिकेत आयोवाच्या इग्नासिओ पोन्सेटींनी ही तिसरी दिशा बोटांनी ओळखली. जन्मतः आत वळलेल्या पावलात घोट्याचं टॅलस हाड अंगठ्याने अडवायचं, बाकी पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचं आणि दर आठवड्याला नवं प्लास्टर घालायचं. या उपचाराचे निष्कर्ष 1963 साली प्रसिद्ध झाले.

पुढे दोन यंत्रं आली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप टिपले. 1984 मध्ये चक हल यांनी थरावर थर रचून वस्तू घडवण्याच्या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. आता सीटीच्या कापांतून अख्खं पाऊल पडद्यावर उभं राहतं, हवं तसं फिरतं. दुसरा पाय निरोगी असेल तर त्याचं आरशातलं रूप वाकड्या पावलावर ठेवून पाचर किती अंशांची काढायची ते ठरतं. मग थरांच्या त्या तंत्राने हाडावर नेमका बसणारा प्लॅस्टिकचा साचा छापतात. करवत त्याच्या खाचेतूनच चालते. एक मेख मात्र राहते: झोपून काढलेल्या सीटीत पावलावर भार नसतो. म्हणून उभ्याने काढायची सीटीही आली.

2013 साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत जन्मतः आत वळलेलं हे पाऊल आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी-लाखांदूरकडच्या एखाद्या बाळाचं ते वेळेत हेरलं गेलं, तर बहुधा पोन्सेटींचा अंगठा आणि प्लास्टर पुरतं. सोबत बहुतेकदा टाचेची शीर छोट्या छेदाने सैल करतात. पडद्यावरचा बेत लागतो तो हाडं पक्की झाल्यावर उशिरा आलेल्या पायाला.