करवतीची कुळकथा

संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉनचे टीव्ही इथल्या कारखान्यात तयार व्हायचे. काचेच्या नळीच्या टीव्हीची एक बारीक शिट्टी असायची. ती घरातल्या मुलांना ऐकू यायची, आजोबांना नाही. सेकंदाला 15,625 कंपनांची ती शिट्टी. आपलं चित्र तेव्हा 625 रेघांचं आणि सेकंदाला अशी 25 चित्रं. गुणाकार करून पाहा.

रेघ काढायची तर इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचा आणि झटकन मागे आणायचा. त्यासाठी नळीच्या मानेवरच्या तारांच्या वेटोळ्यातला, म्हणजे योकमधला प्रवाह हळूहळू चढतो आणि एकदम पडतो. कागदावर काढला तर करवतीचे दाते दिसतात, म्हणून नाव सॉटूथ. प्रत्येक चित्र दोन खेपांत काढलं जातं, म्हणून वरून खाली जाणारी दुसरी करवत सेकंदाला 50 वेळा चालते. ती थांबली की पडद्यावर एकच पांढरी आडवी रेघ उरायची, आणि मेकॅनिक म्हणायचा, ‘व्हर्टिकल गेलं.’

मॉड्युलर सिंथेसायझरची, म्हणजे वेगवेगळे डबे वायरींनी जोडून वाजवायच्या विद्युत वाद्याची, कुळकथा मी या करवतीपासून सुरू करेन.

1922 साली पिअरसन आणि अॅन्सन या दोघांनी निऑनचा दिवा आणि कपॅसिटर यांतून असा करवती तरंग मिळतो, हे दाखवलं. कपॅसिटर सावकाश भरतो, दिवा पेटताच रिता होतो, पुन्हा भरू लागतो. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळं सांगायला नको: भरलेली मोट संथपणे वर येते आणि थारोळ्यात एका दमात रिकामी होते.

1964 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत हाच तरंग कानासाठी वापरला आणि मॉड्युलर सिंथेसायझर घडवला. त्यांच्या ऑसिलेटरला, म्हणजे तरंग काढणाऱ्या डब्याला, एक व्होल्ट जास्त दिला की कंपनं दुप्पट होतात, स्वर नेमका एक सप्तक वर जातो. सगळी किमया या एका ठरावात आहे. व्होल्ट पट्टीतून येवो की दुसऱ्या ऑसिलेटरमधून, यंत्राला फरक पडत नाही. दुसऱ्याची संथ लाट पहिल्याला दिली की स्वर आंदोलन घेऊ लागतो. करवती तरंगात सगळे उपस्वर भरलेले असतात, जवारी लागलेल्या तंबोऱ्यासारखे. फिल्टर त्यातले नको ते गाळतो, अॅम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो आणि एन्व्हलप स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा ते ठरवतो. प्रत्येक काम वेगळ्या डब्यात, आणि डबे जोडायला वायरी. त्या वायरींचे जॅक टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेले.

हे यंत्र आपल्याकडेही लवकरच पोचलं. 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभा करून दिला. संगीतकार गीता साराभाई आणि ओंकारनाथ ठाकुरांचे शिष्य अतुल देसाई यांनी त्यावर काम केलं. त्या कामाच्या टेप अनेक वर्षं संग्रहात पडून होत्या. कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि 2023 मध्ये निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. रागसंगीतात मुरलेला माणूस व्होल्टमधून स्वर शोधतो आहे, हे ऐकताना मला फार मोलाचं वाटतं.

पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्यांना एक विनंती. प्रयोगशाळेतल्या फंक्शन जनरेटरवरचा करवती तरंग मुलांना पडद्यावर दाखवून थांबू नका. आवाज कमी ठेवून तो एखाद्या लहान स्पीकरला जोडा आणि ऐकवा.