पुणे फुटबॉल क्लब : स्थापना आणि आरंभीचे हंगाम

१

महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉलच्या अलीकडील इतिहासाकडे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनीच नजरेत भरते. २०१० ते २०१९ ह्या दहा वर्षांत देशाच्या प्रमुख साखळी स्पर्धांत खेळणारे येथील पुढील सहा संघ एकामागून एक त्या स्पर्धांतून नाहीसे झाले. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये गेला. पुणे फुटबॉल क्लब व पुण्याचाच भारत एफसी हे २०१५ मध्ये, मुंबई एफसी व डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेले. ह्यांपैकी गुणतक्त्यात तळाशी येऊन गेले ते दोनच : २०१४–१५ चा भारत एफसी आणि २०१६–१७ चा मुंबई एफसी. इतरांच्या जाण्याचा मैदानावरील पराभवाशी थेट संबंध जोडता येत नाही.

ह्या घटनांची कारणे सांगताना प्रेक्षकांची उदासीनता, क्रिकेटचे वर्चस्व, मैदानांची टंचाई इत्यादी गोष्टींचा उल्लेख नेहमी केला जातो. ही कारणे खोटी आहेत असे नाही. परंतु ती सर्वच संघांना सारखीच लागू असल्याने कोणता संघ टिकला आणि कोणता टिकला नाही, ह्याचा उलगडा त्यांनी होत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, तो उलगडा संघांच्या स्थापनेच्या रीतीत शोधला पाहिजे. त्यासाठी पुणे फुटबॉल क्लबचे उदाहरण येथे घेतले आहे. वरील सहा संघांत विचारपूर्वक उभारणीच्या दृष्टीने तो अग्रगण्य होता. जेथे काम चांगले झाले तेथेही शेवट तोच झाला असेल, तर दोष कामात नसून पायातच कोठेतरी असला पाहिजे.

२

प्रारंभी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. मराठीत ‘संघ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मैदानावर उतरणारे अकरा खेळाडू म्हणजे संघ. आणि त्या खेळाडूंच्या मागे उभी असलेली, सभासद, कार्यकारिणी, वर्गणी व दप्तर असलेली संस्था म्हणजेही संघ. पहिला संघ दर हंगामास बदलतो, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. एकच शब्द दोहोंना लावण्याची सवय असल्यामुळे, पहिला निर्माण झाला की दुसराही आपोआप निर्माण झाला, असा समज सहज होतो.

भाषेनेच ह्या भेदाची दुसरी एक खूण राखून ठेवली आहे. मंडळ ‘बंद पडते’ असे आपण म्हणतो. कारखाना वा दुकान ‘बंद केले’ असे म्हणतो. पहिल्या प्रयोगात कर्ता कोणी नाही. सभासद कमी होतात, वर्गणी जमेनाशी होते आणि संस्था हळूहळू क्षीण होत जाते. दुसऱ्या प्रयोगात कर्ता आहे, त्याचा निर्णय आहे आणि त्या निर्णयाची तारीख आहे. पुण्याच्या संघाविषयी कोणते क्रियापद योग्य ठरते, हाच ह्या लेखाचा प्रश्न होय.

३

पुणे फुटबॉल क्लबच्या आधीची परंपरा ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे नावीन्य कळणार नाही. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या फुटबॉलचा कणा बनले ते कचेऱ्यांचे व कारखान्यांचे संघ : टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका. ह्या व्यवस्थेत खेळाडू हा प्रथम नोकर आणि मग खेळाडू असे. त्याचे नाव हजेरीपटावर असे, सामन्यांसाठी त्याला सवलत मिळे आणि गुडघा निकामी झाला तरी नोकरी राहत असे. आजच्या अर्थाने हा खेळ व्यावसायिक नव्हता. तथापि खेळाडूच्या उभ्या आयुष्याचा विचार त्यात होता. महिंद्र कंपनीचा १९६२ साली स्थापन झालेला संघ ह्याच परंपरेतील.

१९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. ह्या स्थित्यंतराचा रोख कचेरीच्या संघाऐवजी स्वतंत्र व्यावसायिक क्लब निर्माण करण्याकडे होता. क्लबला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व, पूर्णवेळ करारबद्ध खेळाडू, पात्रताधारक प्रशिक्षक आणि तरुणांसाठी प्रशिक्षणाची सोय असावी, अशी आशियाई फुटबॉल महासंघाची अपेक्षा होती. ह्याच निकषांच्या आधारे २०१३ मध्ये एअर इंडिया व ओएनजीसी ह्या दोन संघांना आय-लीगमधून वगळण्यात आले. जुनी व्यवस्था अशा रीतीने नियमाने मोडीत निघाली. तिची जागा घेणारी नवी व्यवस्था अधिक टिकाऊ असेल, असे त्या वेळी गृहीत धरले गेले.

४

आय-लीग सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, अशोक पिरामल समूहाने पुणे फुटबॉल क्लबची स्थापना केली. समूहाच्या क्रीडाविषयक कामाची धुरा नंदन पिरामल ह्यांच्याकडे होती. त्याच वर्षी मुंबईत एस्सेल समूहाच्या पाठबळाने मुंबई एफसी स्थापन झाला. दोन्ही क्लबांना तळाच्या पायरीपासून सुरुवात करावी लागली, हे विशेष होय. पुढे २०१३ नंतर कित्येक संघांना पैसे भरून वरच्या श्रेणीत थेट प्रवेश मिळाला. पुण्याचे भारत एफसी व डीएसके शिवाजियन्स हे असेच आले. पुणे फुटबॉल क्लबने मात्र आपली जागा खेळून मिळवली. मुंबई एफसीने २००८ मध्येच आय-लीगच्या द्वितीय श्रेणीतून वर मजल मारली. पुण्याला त्यासाठी २००९ उजाडावे लागले. त्या वर्षी लीगमधील संघांची संख्या बारावरून चौदा झाली आणि पुणे, साळगावकर, शिलाँग लाजाँग व विवा केरळ हे चार संघ वर आले.

क्लबचे घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले व २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांचे केंद्र झालेले हे संकुल सर्व सोयींनी युक्त होते. पण पुण्याच्या पेठांपासून व कॅम्पातल्या जुन्या फुटबॉलच्या वस्तीपासून ते दूर, शहराच्या पश्चिम सीमेवर महामार्गालगत आहे. ज्या वस्तीत खेळ रुजलेला होता ती एकीकडे आणि ज्या मैदानावर संघ खेळत होता ते दुसरीकडे, अशी ही रचना होती.

५

२००९–१० च्या पहिल्याच हंगामात पुण्याने तिसरा क्रमांक पटकावला. चौदा संघ, प्रत्येकाचे सव्वीस सामने. आणि पुण्याच्या पुढे केवळ धेंपो व चर्चिल ब्रदर्स हे गोव्याचे दोन मुरलेले संघ होते. मोहन बागान व ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन्ही दिग्गज मागे पडले. नवागत संघाच्या दृष्टीने ही कामगिरी असाधारणच म्हटली पाहिजे.

ह्या यशाची घडण पाहिली असता जुन्या व नव्या व्यवस्थांमधील दुवा स्पष्ट होतो. प्रशिक्षक डेरिक पेरेरा हे गोव्याचे. महिंद्र युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली ती ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली. जपानमध्ये वाढलेला व वडिलांकडून गुजराती असलेला अराता इझुमी हाही महिंद्रमधूनच पुण्यास आला; पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारून तो २०१३ मध्ये भारताकडून खेळला. गोलरक्षक सुब्रत पाल ह्याने २०११ च्या आशियाई चषकात भारताचे गोल राखले तेव्हा तो पुण्याचा खेळाडू होता. म्हणजे मुंबईच्या कचेरी-फुटबॉलमध्ये अनेक वर्षे साठलेले ज्ञान व कौशल्य पुण्यास सहज उपलब्ध झाले. योगायोग असा की, पुण्याचा हा पहिला हंगाम महिंद्र युनायटेडचा शेवटचा ठरला. अठ्ठेचाळीस वर्षांचा तो संघ २०१० मध्ये कंपनीने विसर्जित केला. पुण्याच्या भवितव्याची ही पूर्वसूचनाच होती. परंतु तिसऱ्या क्रमांकाच्या आनंदात ती तशी वाचली जाण्याचा संभव कमी होता.

त्यानंतरच्या दोन हंगामांत पहिल्या वर्षाची उंची राखता आली नाही. मात्र ह्याच काळात, २०११ मध्ये, क्लबने तरुण खेळाडूंसाठी अकादमी सुरू केली. क्लबला ‘संघा’च्या दुसऱ्या अर्थाकडे नेणारे हे पहिले ठोस पाऊल होते, असे म्हणावयास हरकत नाही. २०१२–१३ मध्ये पुणे चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसऱ्या स्थानी आला आणि २०१४ मध्ये एएफसी चषकाच्या निमित्ताने आशियाई स्पर्धेत उतरला. स्थापनेपासून सात वर्षांत द्वितीय श्रेणीतून आशियाई मैदानापर्यंतचा हा प्रवास होता.

२०१५ मध्ये समूहाने संघ मागे घेतला.

६

ह्या निर्णयामागील बाह्य कारण उघड आहे. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा व्यापारी करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मास आली. एकाच देशात दोन लीग चालू लागल्या. प्रसिद्धी, दूरचित्रवाणी व पुरस्कर्ते नव्या लीगकडे वळले आणि खेळून वर आलेल्या क्लबांच्या परिश्रमाचे मोल एकाएकी उतरले. खुद्द पुण्यात एफसी पुणे सिटी हा दुसरा संघ उभा राहिला. अशा स्थितीत खर्च चालू ठेवण्यात अर्थ नाही असे मालकास वाटले, तर व्यवहारदृष्ट्या त्याला दोष देता येणार नाही.

पण कारण सांगितल्याने प्रश्न संपत नाही. त्याच सुमारास गोव्यात काय घडले ते पाहावे. धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग ह्या तीन क्लबांनी महासंघाच्या धोरणास कंटाळून २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. हे क्लबही उद्योजक घराण्यांच्याच आधारावर चाललेले. तथापि राष्ट्रीय लीग सोडल्यावरही ते गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. आणि धेंपो २०२४–२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परत आला. वरचा मजला पाडला तरी तळमजला शिल्लक होता. पुण्याचा क्लब राष्ट्रीय लीगसाठीच उभारलेला असल्याने ती लीग सुटताच त्याचे प्रयोजनही संपले.

कोल्हापूरचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. तेथील पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हे संघ मुळात तालमी होत. कुस्तीच्या हौद्याभोवती जमलेली पेठ पुढे फुटबॉलभोवती जमली. ह्या मंडळांनी राष्ट्रीय लीगमध्ये कधी पाऊल टाकले नाही. त्यांचा कारभार आदर्श आहे असेही नाही, आणि त्यांच्या खेळाडूस पुण्याच्या करारबद्ध खेळाडूसारखी प्राप्ती किंवा प्रशिक्षण मिळणे कठीण. पण ती मंडळे कोणा एकाने बंद करावयाची म्हटली तर बंद करता येत नाहीत. कारण ती कोणा एकाची नाहीत. पेठ आहे तोवर तालीम आहे.

७

ह्या संघांना ‘प्रादेशिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या विशेषणाचा कस पाहावयाचा तर पुण्याऐवजी धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या ठिकाणी उभे राहून पाहावे. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर वसले आहे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तो संघ आपल्या राज्याचा म्हणण्याचा अधिकार येथील माणसास होता. १९५६ मध्ये राज्याची सीमा बदलली आणि १९६० नंतर पुणे-मुंबईचे संघ त्याचे झाले. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी विसर्जित झाला तेव्हा लीगमधील त्याची जागा मिळाली ती नव्याने निघालेल्या हैदराबाद एफसीला. सीमा बदलण्यास राज्यपुनर्रचना, आयोग आणि जनआंदोलने लागली होती. संघाची जागा पुण्याहून हैदराबादला नेण्यास एक हंगामही लागला नाही. ज्याचा प्रदेश एवढ्या सहज बदलता येतो त्यास प्रादेशिक म्हणणे म्हणजे पत्त्यालाच गाव समजणे होय.

८

तात्पर्य, पुणे फुटबॉल क्लब बंद पडला नाही. तो बंद केला गेला. त्याची स्थापना एका निर्णयाने झाली होती आणि शेवटही तशाच निर्णयाने झाला. मधल्या आठ वर्षांत उत्तम खेळ झाला, अकादमी उभी राहिली, आशियाई स्पर्धा गाठली गेली. परंतु ज्यांना ‘आम्ही हा क्लब चालू ठेवू’ असे म्हणण्याचा हक्क असेल असे सभासद निर्माण झाले नाहीत. व्यावसायिकता आणि सभासदत्व ह्या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. जर्मनीत अपवाद वगळता क्लबाच्या निर्णायक मतांचा अधिकांश सभासदांकडे राहावा असा नियमच आहे. आपल्याकडे खेळाडू, प्रशिक्षक, मैदान ह्यांविषयी निकष ठरले. क्लब कोणाचा, ह्याविषयी निकष ठरला नाही.

क्रीडेतिहासाच्या अभ्यासकापुढे ह्यातून एक तातडीचे काम उभे राहते. महिंद्रपासून पुणे सिटीपर्यंतच्या ह्या संघांचे करार, सामन्यांच्या नोंदी, छायाचित्रे व पत्रव्यवहार हे त्या त्या कंपन्यांचे कागद आहेत, आणि संघ विसर्जित झाल्यावर असे कागद जपण्याचे कर्तव्य कोणावरच राहत नाही. त्यांत वावरलेली माणसे आज हयात आहेत. त्यांच्या मुलाखती व त्यांच्याजवळचे कागद विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आताच मिळवले पाहिजेत. कारण ज्या क्लबला सभासद नव्हते, त्याची आठवण राखणारी संस्थाही मागे राहत नाही.