गृहांतर्गत साहित्य, कोकणातील

कोकणच्या दमट किनारी हवामानात घराच्या आतील भिंती, जमीन, छत, दारे-खिडक्या आणि कपाटे यांसाठी वापरले जाणारे गिलावे, रंग, फरश्या, लाकूड व धातू यांचा या संज्ञेत समावेश होतो. साहित्य निवडताना ते पाणी किती अडवते हे पाहिले जाते. भिजल्यावर ते किती लवकर वाळते आणि भिजूनही किती टिकते, हे पाहणे कोकणात अधिक गरजेचे असते.

हवामान व ओल : कोकणच्या बहुतेक भागात वर्षाला सुमारे 2,300 ते 3,500 मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास राहते. पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस 80 टक्क्यांवर राहिली, की बुरशी धरते.

घरात ओल तीन वाटांनी येते. पहिली जमिनीतून जोत्यामार्गे भिंतीत चढते, दुसरी वाऱ्याबरोबर येणाऱ्या झडीची, तिसरी हवेतील बाष्पाची. 30° से. तापमान व 85 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे 27° से. असतो. जमीन किंवा भिंत त्याहून गार असेल, तर तिच्यावर पाणी सुटते. ‘जमिनीला घाम आला’ म्हणतात तो हाच प्रकार. वातानुकूलित खोलीला लागून असलेल्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूसही तो दिसतो.

ओल कुठली, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा व एक-दोन दिवसांनी पाहावा. पाणी तुकड्याच्या आतल्या अंगाला असेल तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या अंगाला असेल तर ती हवेतली आहे. पहिल्या प्रकारात रंग बदलून काहीच साधत नाही.

भिंती व गिलावा : कोकणातील पारंपरिक भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची असते. जांभा खाणीत मऊ असतो, हवेत कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्यावरचा चुन्याचा गिलावाही बाष्प आरपार जाऊ देतो. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या चुन्याच्या हातावर बुरशी सहसा वाढत नाही. किनाऱ्यावर व गोव्यात शिंपले भाजूनही चुना केला जाई. जुन्या भिंतीवर आतून-बाहेरून घट्ट सिमेंटचा गिलावा चढवला, की अडकलेली ओल वरच्या, गिलावा नसलेल्या भागातून वाट काढते. दुरुस्तीनंतर ओल ‘वर सरकली’ अशी तक्रार ऐकू येते, ती त्यामुळे.

गिलाव्यासाठी न धुतलेली खाडीची वाळू वापरल्यास तिच्यातील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात. पाणी उडून गेल्यावर पांढरा लोणा उरतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. जिप्समचा (पीओपी) गिलावा गुळगुळीत दिसतो, पण ओलीने मऊ पडतो. बाहेरच्या भिंती, न्हाणीघर व जोत्यालगतचा भाग यांसाठी तो टाळावा.

रंग : विनायल वॉलपेपर व जाड तैलरंग बाष्प अडवतात, त्यामुळे ओल्या भिंतीवर त्यांच्यामागे बुरशी वाढते. चुना किंवा बाष्प जाऊ देणारे इमल्शन अशा भिंतीला सोयीचे असते. नव्या सिमेंट गिलाव्याला रंगाआधी निदान 28 दिवस द्यावे लागतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर रंगवण्याची रीत कोकणाला मानवत नाही, कारण चार महिने भिजलेली भिंत तेव्हा आतून ओलीच असते. फेब्रुवारी ते मे हा काळ रंगकामाला योग्य ठरतो.

जमीन : शेणाने सारवलेली मातीची जमीन बाष्प शोषते, पण ती वरचेवर सारवावी लागते. शहाबादी, कोटा व कडप्पा या फरश्या ओलीने फुगत नाहीत. 1922 मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंट फरश्या जुन्या घरांत अजून टिकून आहेत. व्हिट्रिफाइड फरशीचे जलशोषण 0.5 टक्क्याहून कमी असते, त्यामुळे तिच्यावर सुटलेले पाणी वरच राहते व ती निसरडी होते. न्हाणीघरात व पडवीत खरखरीत पृष्ठभागाचीच फरशी घ्यावी. लॅमिनेटचे लाकडी फ्लोअरिंग व खोलीभर पसरलेले गालिचे या हवेत टिकत नाहीत.

लाकूड व प्लायवुड : लाकूड हवेतून ओलावा घेते आणि मुख्यतः रुंदीत फुगते. ओलावा 1 टक्क्याने वाढला, की सागाची रुंदी सुमारे 0.1 ते 0.2 टक्क्यांनी वाढते. पावसाळ्यात ओलावा 5 टक्क्यांनी चढला, तर सरळ फळ्या जोडून केलेले 900 मिमी. रुंदीचे दार 5 ते 9 मिमी. फुगून चौकटीत अडकते. पॅनेलच्या दारात मधल्या फळ्या खाचेत सैल बसवलेल्या असतात, त्यामुळे फक्त कडेच्या अरुंद पट्ट्यांचा फुगवटा चौकटीपर्यंत पोहोचतो. साग व फणस ही लाकडे कोकणात पूर्वापार वापरात आहेत. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, पण प्रक्रिया केली नाही तर कीड व बुरशी त्याला लवकर लागते.

प्लायवुडमध्ये सरस महत्त्वाचा असतो. भारतीय मानक 710 नुसार मरीन प्लायचा जोड 72 तास उकळूनही सुटता कामा नये. ‘कमर्शियल’ प्लायला ही कसोटी नसते. स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटाला मरीन प्लायच वापरावा आणि कापलेल्या सर्व कडा बंद कराव्यात, कारण पाणी कडेतूनच शिरते. एमडीएफ व पार्टिकल बोर्ड एकदा फुगले की मूळ जाडीवर येत नाहीत.

छत व धातू : मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम, दमट हवा बाहेर पडते. स्लॅबखालच्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगमुळे गळती उशिरा लक्षात येते. समुद्राजवळ खारी हवा बिजागऱ्या व स्क्रू गंजवते. तेथे 304 ऐवजी मॉलिब्डेनम असलेले 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावे.

मांडणी व निगा : साहित्य चांगले असले, तरी हवा खेळती नसेल तर ते टिकत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधून झड अडवण्याची जुनी पद्धत हवा न कोंडता भिंत कोरडी ठेवते. खर्चाचा क्रम लावायचा झाल्यास जोत्यातील ओल-रोधक थर, रुंद छज्जे व समोरासमोरच्या खिडक्या यांना पहिला मान द्यावा. महागडा रंग व सजावट यांचा विचार त्यानंतर करावा.