तालमीच्या रात्री

फारसीच्या वाटेने मराठीत येऊन कायमचे वतनदार झालेल्या शब्दांपैकी ‘तालीम’ या शब्दाविषयी मला फार आदर वाटतो. मुळात त्याचा अर्थ शिकवण एवढाच. परंतु आपल्या लोकांनी कुस्तीच्या आखाड्याला हेच नाव दिले, नाटकाच्या पूर्वतयारीला हेच दिले, आणि ज्या जिल्ह्याला 1981 पर्यंत कुलाबा म्हणत व नंतर रायगड म्हणू लागले, तेथील भजनी मंडळींनी आषाढ-श्रावणातल्या आपल्या भिजलेल्या रात्रीही याच नावाने ओळखल्या. जेवणखाण उरकून, भर पावसात चिखल तुडवीत देवळाच्या सभामंडपात जमायचे आणि भाद्रपदात गायची पदे घोटून घ्यायची, हा या रात्रींचा शिरस्ता. पेण आणि रोहे यांचा इतिहास सांगताना बंदरे, किल्ले, आंग्र्यांचा अंमल, मिठाचा आणि भाताचा वसूल यांचा उल्लेख अवश्य होतो. या रात्रींचा मात्र क्वचितच. तरीही इथल्या मुलांना गाण्याचा कान मिळाला तो बव्हंशी याच तालमींत मिळाला, आणि म्हणून त्यांची नोंद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

भोगावतीच्या काठी पेण आणि कुंडलिकेच्या काठी रोहे. एकीकडे खाडीचे पाणी बांध घालून थोपवलेली खारेपाटाची भातशेती, दुसरीकडे सह्याद्रीकडे चढत जाणारे डोंगर, आणि मध्ये चार महिने न थांबणारा पाऊस, अशी ही भूमी आहे. येथे गाणे प्रथम कानी पडते ते बायकांच्या तोंडून. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण बसते. हळदीपासून पुढच्या एकेका विधीला तिचा धवला म्हटला जातो आणि तिच्या शब्दाला त्या मांडवात मंत्राचा मान असतो. हे धवले पोथीत नसतात, तिच्या कंठात असतात, आणि तिच्या कंठात ते तिच्या आधीच्या धवलारणीकडून आलेले असतात. आईच्या मांडीवर पेंगुळलेले मूल त्या लांबच लांब ओळींच्या लयीत झोपी जाते. गौरी आल्या की बायका फेर धरतात, तेव्हा तेच मूल चार वर्षांनी मोठे होऊन अंगणाच्या कडेला उभे असते, आणि फेराचे पाऊल कोणत्या अक्षरावर पडते ते त्याला कोणी न सांगता कळू लागते.

या प्रदेशातील बाळपणाची एक अत्यंत निर्मळ साक्ष विनोबांच्या आठवणींत सापडते. पेण तालुक्यातील गागोदे या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचा जन्म झाला आणि त्यांची बालवर्षे तेथेच गेली. आई रुक्मिणीबाई घरकाम करताना संतांची पदे गात असत. गणेशचतुर्थीला आजोबा शंभुराव चंदन उगाळून त्याची मूर्ती घडवीत आणि घरातील मुले उगाळण्याच्या कामाला बसत. इतक्या श्रमाने घडवलेली मूर्ती उत्सव संपताच पाण्यात सोडायची, याचे त्या बालमनाला दुःख होई. सहाणेवर खोड फिरवणाऱ्या मुलाला उत्सवाचा जो अर्थ कळतो, तो केवळ दर्शनाला येणाऱ्याला कळणे कठीण. कारण ज्याच्या हाताला काम मिळाले त्याचेच अंतःकरण त्या देवात गुंतते. तालमींचे मर्मही मला याच आठवणीत दिसते.

त्याच तालुक्याच्या कसब्यात मूर्ती घडवणे हा पुढे मोठा व्यवसाय झाला. देवधर घराण्यातील मूर्तिकारांनी पेणच्या गणपतीला जो लौकिक मिळवून दिला, त्याच्या आधाराने शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांतून घरोघर कारखाने उभे राहिले. कारखाना या शब्दाने यंत्रांची घरघर डोळ्यांसमोर आणू नये. पेणमध्ये कारखाना म्हणजे लांबट पडवी, फळ्यांच्या उतरंडी आणि त्यांवर ओळीने वाळत बसलेले गणपती. माती मळणे, ती साच्यात दाबणे, सुटे हात आणि सोंड जोडणे, वाळल्यावर घासून गुळगुळीत करणे, पांढरा हात देणे, मग अंगाचा रंग, पीतांबर, सोनेरी काम आणि सरतेशेवटी डोळ्यांची आखणी, असा हा क्रम असतो. एका वर्षाचे विसर्जन आटोपते न आटोपते तोच पुढच्या वर्षाचे काम सुरू होते, आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी जहाजावर चढवाव्या लागतात.

गाण्याचे वेड असलेल्या मुलाचा दिवस या कारखान्यातून कसा जातो हे पाहण्याजोगे आहे. सकाळी शाळा, दुपारनंतर कारखान्यात घासकाम, आणि हात चालू असताना कोपऱ्यातल्या फळीवर अखंड गाणारा रेडिओ. मुंबईचे नभोवाणी केंद्र 1927 च्या जुलैत सुरू झाले. 1955 मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसृत होऊ लागले, तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके यांच्या त्या 56 गीतांनी महाराष्ट्रातील घरे आठवड्यामागून आठवडे एका ठरल्या वेळी स्तब्ध केली. कारखान्यातील कामाला स्तब्ध होण्याची मुभा नसते. तेथे कुंचल्याचा हात गाण्याच्या लयीत जातो, सम आली की नकळत किंचित थांबतो, आणि मग पुढची रेघ ओढली जाते. मूर्तीवर हात बसणे आणि गाण्यावर कान बसणे या दोन्ही गोष्टी त्या पडवीत एकाच वेळी घडत असतात. आज फळीवरच्या रेडिओच्या जागी मोबाइल आला, एवढाच फरक.

रात्री तालीम. तिचा इतिहास मुंबईवाचून सांगता येत नाही. 1893 मध्ये लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि लगेच पुढच्या वर्षापासून मेळ्यांची पथके पदे गात रस्त्यांवर दिसू लागली. त्या काळी पेणच्या बाजूचा माणूस आगबोटीने धरमतरला उतरे आणि तेथून गाडीने किंवा पायी घरी येई. गिरणगावातील चाळींत त्याने जे ऐकले, तेही त्याच्या बरोबर चतुर्थीला गावी येई: नवी चाल, नवे पद, आणि पुढे पेटी. युरोपात जन्मलेली आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी मांडी घालून वाजवण्याजोगी केलेली ही पेटी टाळ-मृदंगाच्या भजनात अशी मिसळली, की तिच्याविना बुवांना बुवा म्हणणे कठीण झाले. 1940 मध्ये सरकारी रेडिओने पेटी वर्ज्य केली आणि ती बंदी कित्येक वर्षे टिकली. खेड्यातील सभामंडपाला मात्र असल्या हुकमाची बाधा झाली नाही. तेथे बुवा पेटीवर सूर धरीत, पखवाजवाला ठेका देई, आणि शिकाऊ मुलाच्या हाती प्रथम झांज येई. कारण झांजेला सुराची चूक नसते, कालाची मात्र असते, आणि जो काल चुकत नाही त्यालाच पुढे मागे तोंड उघडण्याची परवानगी मिळते. या परीक्षेत कित्येकांची दोन-दोन वर्षे जात.

रोह्याचा स्वर निराळा आहे. तेथील ग्रामदैवत धावीर महाराज. आश्विनात नवरात्र सरते आणि महाराजांची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा पोलीस दल त्यांना सशस्त्र मानवंदना देते; राज्यसत्तेने ग्रामदैवतापुढे शस्त्र धरून उभे राहण्याचा हा दस्तूर रोहेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. भजन सभामंडपात बसून गायचे, पालखी मात्र चालते. म्हणून तिच्यापुढे चालणारे वाद्य हवे. दक्षिण रायगडातील खालुबाजा हे ते वाद्य. सनई, ढोल, टिमकी आणि झांज यांचा तो मेळ दुरून डोंगराला आदळून परत येतो तेव्हा पालखी कोणत्या आळीत पोचली हे घरबसल्या समजते. त्याच्या मागोमाग चालणारा मुलगा सनईची फुंक न तोडता श्वास कसा घ्यावा हे वादकाच्या गालांकडे पाहून शिकतो. तेथे तालीम बसून नसते, चालता चालता असते.

पुढे बेंजो आला. जपानात 1912 मध्ये नागोया शहरातील मोरिता गोरो या कारागिराने टंकलेखन यंत्राच्या कळांवरून सुचलेले एक तंतुवाद्य सिद्ध केले. सम्राट ताइशो यांच्या राजवटीचे ते पहिले वर्ष, म्हणून त्याचे नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणात विजेच्या जोरावर आवाज वाढवून मिरवणुकीचा बेंजो झाले. गुरू, घराणे किंवा सोवळेओवळे यांपैकी कोणताही अडसर या वाद्याच्या वाटेत नसल्यामुळे ज्या मुलांना पेटीपुढे बसण्याचा मान मिळाला नव्हता त्यांना बेंजोने एक दार उघडून दिले, हे उपकार विसरता कामा नयेत. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मात्र बजावणाऱ्या हातांचीच गरज उरेनाशी झाली. रात्री दहानंतर त्यांना बंदी करणारे 2000 सालचे नियम आले ते याच अतिरेकामुळे.

दरम्यान 1986 मध्ये लोहमार्ग रोह्यापर्यंत आला आणि पेण, कासू, नागोठणे, रोहे ही स्थानके एका सुतात ओवली गेली. कोकण रेल्वेची कोनशिलाही 1990 मध्ये रोह्यालाच बसली. पेणचा मुलगा पालखी पाहायला रोह्यास जाऊ लागला, रोह्याचा मुलगा मूर्ती घ्यायला पेणला येऊ लागला; सभामंडपाचे भजन आणि चालता खालुबाजा एकाच कानाला सुलभ झाले.

एवढी वाद्ये आली आणि गेली, तरी चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा पेणचा देखावा बदललेला नाही. रंगाने बरबटलेल्या पडवीत शेवटच्या मूर्तीची आखणी चालू असते. आखणी करणारा श्वास रोखून बुबुळाचा ठिपका टेकवतो. त्या क्षणी गाणे बंद करण्याची रीत आहे, आणि ते बंद करायला उठतो तो बहुधा गाणे सर्वांत अधिक आवडणारा मुलगाच. मूर्ती पाटावर बसते, गिऱ्हाईक ती रुमालाने झाकून नेते. मुलगा हात धुतो; नखांतला सोनेरी रंग निघत नाही. तसाच तो देवळाकडे निघतो, कारण दोन वर्षे झांज धरल्यावर यंदा पहिले पद उचलायला बुवांनी त्याला सांगितलेले असते.