एकशे साठ फुटांचे घर आणि आमची वस्ती



नायगावच्या बी.डी.डी. चाळीत असं काय ठेवलंय, असे उपनगरात राहायला गेलेले पाहुणे आम्हाला नेहमी विचारीत. खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सार्वजनिक, मधल्या व्हरांड्यात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. तरी माणूस हलायला तयार नाही. याचे उत्तर द्यायचे तर जरा मागे जावे लागते.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एकेका चाळीत ८० खोल्या. पण सुरुवातीला कामगारच तिथे जाईनात. भाडे परवडेना, सिमेंटच्या भिंतींत वारा-उजेड येईना. कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. वरळीच्या काही चाळींचा तर सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग केला होता! तेव्हा जागेत गोडी होती म्हणून लोक आले, असे कोणी सांगू नये. गोडी मागाहून माणसांनी आणली.

आमचे लोक कोकणातून, घाटावरून आले. एका खोलीत दहा-बारा गडी, झोपसुद्धा पाळीपाळीने. जातही गाठोड्यातून बरोबर आलीच. आमच्या चाळी वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. गिरणीत साचेखात्याला पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसाला मज्जाव. का, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि त्याचा म्हणे विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हा माणूस त्या वेळी परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत राहात होता. आमच्या मते आमच्या वस्त्यांचा खरा इतिहास इथे सुरू होतो.

पुढे ३१ मे १९३६ रोजी दादर-नायगावातच महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा मार्ग समजावून सांगितला. २४ मे १९५६ ला परळच्या नरे पार्कात त्यांनी ऑक्टोबरात धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. आणि ७ डिसेंबरला त्यांची अंत्ययात्रा याच गिरणगावातून दादर चौपाटीला गेली. आमच्या थोरल्यांना वस्ती सोडवत नव्हती, ती यामुळे. ज्या रस्त्याने भाजीला जायचे, त्याच रस्त्याने बाबासाहेब गेले होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. वडिलांचा पगार बंद. आई व्हरांड्यात चूल पेटवायला बसली की शेजारीण काही न विचारता वाटीभर तांदूळ सरकवून जायची. पुढे आमच्या घरात असले तर तिच्याकडे जायचे. हिशेब कोणी ठेवला नाही. ब्लॉकमध्ये दार लावून राहणाऱ्याला हे कसे सांगायचे?

पण नुसते गोडगोड लिहिले तर खोटे होईल. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींत दंगल पेटली, आमच्यापर्यंत झळ आली. १० तारखेच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने पँथर भागवत जाधव मारला गेला. ज्यांच्याबरोबर एका पाळीत काम करायचे, तेच समोरच्या गच्चीवर उभे होते, असे वडील सांगत. तेवढे सांगून गप्प बसत.

आता चाळी पाडून टॉवर होताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांची घरे मिळाली. घरात संडास, घरात नळ. आम्हाला आनंदच आहे. म्हाताऱ्या माणसाने रात्री डबा घेऊन रांगेत उभे राहण्यात कसला आलाय जिव्हाळा? मात्र जिना गेला, व्हरांडा गेला, आणि लिफ्टमध्ये कोणी वाटी घेऊन भेटत नाही.

आमची एक मावशी तिथे वरच्या मजल्यावर राहायला गेली. सवयीने दार उघडे ठेवते. दर पौर्णिमेला फोन करून विचारते, "वंदना किती वाजता रे?" वेळ तिला पाठ आहे. परवा टॅक्सी करून विहारात आली, वंदना झाल्यावर तासभर पायरीवर बसली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली नंबरवरून ओळखत होती.